न घेतलेलं नाव

सोमवार, ४ फेब्रुवारी २०१९

आली एकदाची. बोट दुपारी लागली. नणंदेने लेकीला वाळूत उभं केलं, शेजारी पिशवी ठेवली आणि त्याच बोटीने सांतो बेटावर परत. तिथून विमान, ऑस्ट्रेलिया, टोमॅटोचं पॅकिंग. "सहा महिनेच वहिनी," म्हणाली. माझा नवरा ओबेद, हिचा भाऊ, तोही सहाच महिन्यांसाठी गेला होता. तिसरं वर्ष चालू आहे.

पोर चार वर्षांची. शहरात वाढलेली. रडली नाही. बोट दिसेनाशी झाली तशी मला विचारते, "मामी, इथे लाइट कुठे लावतात?" म्हटलं, वर बघ, तो काय लावलेलाच आहे. हसली नाही.

आता गोची अशी, की हिचं नाव हिच्या आजीचं. म्हणजे माझ्या सासूचं. आणि सासूचं नाव मी घ्यायचं नाही. या बेटावर कुठलीच सून घेत नाही – हाक मारायला नाही, गाण्यात नाही, त्याच नावाची दुसरी कुणी असली तरी नाही. चुकून निसटलं तर दंड म्हणून चटई भरायची आणि वर वर्षभर टोमणे. माझ्या माहेरी, मालेकुला बेटावर, इतकं कडक नाही. पण नांदायला इथे आले, तर इथलं पाळायचं. दहा वर्षांत माझी जीभ एकदाही घसरली नाही.

म्हणून इथेही लिहीत नाही. ही वही माझ्याच भाषेत आहे, ती या गावात कुणाला वाचता येत नाही, तरी हात पुढे जात नाही. बारकी म्हणेन तिला.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

बालवाडीचा पहिला दिवस. आमची हजेरी म्हणजे खेळ असतो. प्रत्येकाने ओढ्यातून आपला एक दगड आणायचा. मी नाव घेतलं, की "आलो", "आले" म्हणायचं, पुढे यायचं आणि दगड करवंटीत टाकायचा. टक. लुगनविल शहरातल्या ट्रेनिंगला बाईंनी शिकवलं होतं – रोज एकदा तरी मुलाला त्याच्या नावाने हाक मारा, डोळ्यांत बघून. बाकीचं पुष्कळसं विसरले. हे विसरले नाही.

बारकी पहिल्या रांगेत. मुठीत दगड घट्ट. जोनस झाला, मारिथा झाली, सगळे झाले. मग मी म्हटलं, "आणि... तू."

तिने मागे वळून बघितलं, की ही 'तू' कोण.

दगड टाकला नाही.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

दगड अजून मुठीतच. झोपतानाही.

रविवार, १७ फेब्रुवारी

प्रार्थना झाली की मी टेकडीवर जाते, नीरफणसाखाली. गावात फोन लागतो तो तिथेच. सगळ्यांना माहीत आहे मी कुठे जाते, म्हणून कुणी विचारत नाही. वाजतो, वाजतो, बंद होतो. गेल्या वर्षी ओबेद दर रविवारी उचलायचा. मग महिन्यातून एकदा. शेवटचं बोललो ते नाताळच्या आधी. "थकलोय गं, नंतर बोलू," म्हणाला. त्याच्यामागे कुणीतरी भांडी घासत होतं.

कामगारांच्या बराकीत भांडी घासतच असतील. मी काय मनात घेऊन बसते!

खाली आले तर सासू अंगणात. केवड्याची पानं सोलत होती. वर न बघता म्हणाली, "काय म्हणतोय माझा लेक?"

"बरा आहे म्हणतोय, आई."

"हं. बराच असणार."

शनिवार, २३ फेब्रुवारी

सासूबद्दल लिहायचं राहूनच जातं. रोज सकाळी ती बालवाडीच्या कुडाला टेकून बाहेर बसते आणि चटई विणते. घरी दोन झाडांची सावली आहे, पण नाही, हिला आमच्याच भिंतीची हवी. बांबूच्या भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तर तोंडही आहे. रात्रीच्या जेवणाला सगळ्याचा निकाल लागतो. "आज तुझी पोरं पाचानंतर एकदम सात म्हणाली. सहाला काय रेड्याने नेलं?" किंवा, "ते गाणं इतकं किंचाळून शिकवतेस, मासे पळाले खाडीतले."

आणि मला हाक काय, तर "मालेकुला". सून नाही, नाव नाही. "मालेकुला, मीठ दे." पहिल्या वर्षी रडायचे. आता मीठ देते.

पण हजेरीबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. रोज ऐकते. तिचंच नाव आहे, जे मी घेत नाही.

मंगळवार, ५ मार्च

आज चीफ लोकांचा, गावोगावच्या प्रमुखांचा, सणाचा दिवस. किसलेल्या कंदांचा मोठा लापलाप केला होता, केळीच्या पानात, गरम दगडांवर. आमचे चीफ जेवून टेकले तेव्हा मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, असं असं आहे, पोरीला हाक कशी मारू?

त्यांनी विचार केला. त्यांना विचार करायला वेळ लागतो, आणि तो ते घेतात.

"पोरीचं नाव बदला."

म्हटलं, आई ऐकणार नाहीत. गेल्याच आठवड्यात म्हणाल्या, 'मी गेल्यावर कुणीतरी ते नाव अंगणात ओरडायला हवं की नको?'

"मग दुसऱ्या कुणाकडून हाक मारून घे."

"मिस मी आहे, चीफ."

ते काडीने दात कोरत राहिले. मग हळू म्हणाले, "तिसरा एक रस्ता आहे. जी सून नाही, ती कुणाचंही नाव घेऊ शकते. पण तो रस्ता तुझा नाही, पोरी."

मी हसले. ते हसले नाहीत. का हसले नाहीत?

गुरुवार, ७ मार्च

चीफचं ऐकून जोनसला उभं केलं. पाच वर्षांचा आहे, आवाज पोलिसासारखा. त्याने बारकीचं नाव असं ठणकावलं, की बाहेर सासूच "काय रे?" म्हणाली. पोरं खो खो हसली. मीही.

बारकी जागची हलली नाही. मला म्हणते, "मिस तो नाहीये. मिस तू आहेस."

बुधवार, २० मार्च

ती वर्गात बोलेनाशी झाली आहे. घरी बोलते, आजीशी तर भांडते. पण बालवाडीचा उंबरा ओलांडला की गप्प. गाण्यात तोंड उघडते, आवाज काढत नाही. काल मारिथाला चावली. कारण काय, तर मी मारिथाला दोनदा नावाने हाक मारली.

ट्रेनिंगच्या बाई यावर काय म्हणतील कोण जाणे. त्यांच्या पुस्तकात सासू नव्हती.

शनिवार, १३ एप्रिल

कोनफळं काढायला सुरुवात. मी, सासू, बारकी. पुरुषाचं काम, पण गावात पुरुष आहेत कुठे? निम्मे ऑस्ट्रेलियाच्या मळ्यांत, निम्मे नाकामालात, पुरुषांच्या बैठकघरात, नशेचा कावा पीत. सासूचे तीन मुलगे. एक वारला, एक राजधानीत, व्हिलात, टॅक्सी चालवतो, एक ओबेद.

एक कोनफळ माझ्या पायाएवढं निघालं. बारकीने त्याला मिठी मारली. मग खणता खणता अचानक, "मामी, मी तुला आवडत नाही म्हणून तू माझं नाव घेत नाहीस ना?"

सासूची खणायची काठी थांबली.

मी तिला सांगितलं. तुझं नाव आजीचं आहे, आणि मामीने आजीचं नाव घ्यायचं नसतं, तशी रीत आहे. लहान मुलांना सांगतात तसं नीट, सावकाश. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आजीचं नाव मोठं आहे. माझं छोटं आहे. तू छोटं घे."

 सासू म्हणाली, "खणा गं, ऊन चढतंय."

मंगळवार, १६ एप्रिल

केन्सली परत आला! ओबेदबरोबरच गेला होता, एकाच मळ्यात. जाडा झालाय, बूट घालून वाळूत चालतो. ओबेदकडून पिशवी आणली. आईला गरम चादर (या उकाड्यात!), बारकीला बाहुली, मला सौर कंदील.

"कसे आहेत ते?" विचारलं.

"बरा आहे, वहिनी." कंदिलाकडे बघत म्हणाला. मग सासूला म्हणाला, "मावशी, जरा बाहेर येता?"

दोघं बराच वेळ अंगणातल्या झाडाखाली उभे होते. सासू आत आली तेव्हा म्हणाली, त्याची आई आजारी आहे, औषधाचा पाला मागत होता.

कंदील छान आहे. त्याच्याच उजेडात लिहितेय.

बुधवार, १७ एप्रिल

त्याची आई आज चर्चपाशी दिसली. ठणठणीत.

सोमवार, ६ मे

सासू बदलली आहे. मासा केला की डोक्याकडचा भाग माझ्या पानात. मी लाकडं आणायला निघाले, तर आधीच आणलेली. टोमणे बंद! आठवडाभर एकही नाही. वर्गात पोरांनी आज आठानंतर तीन म्हटलं, जेवताना ती काही बोलली नाही. 

रविवार, १९ मे

टेकडीवर गेले. फोन लावला नाही. म्हटलं, एकटी आहे, खाली समुद्र, वर फणस, कुणी नाही. आज बारकीचं नाव मोठ्याने घेऊन बघू. नुसतं एकदा.

तोंड उघडलं. काहीच आलं नाही. दहा वर्षं गिळलेलं नाव सहज कसं येणार? उभी राहिले तशीच, वेड्यासारखी तोंड उघडं टाकून. मग रडू आलं, आणि रडण्याला नावं लागत नाहीत.

इथे माझं असं कोण आहे? ज्याच्यासाठी आले तो नाही. मूल राहिलं नाही, दोनदा. गावातली सगळी पोरं मला मिस म्हणतात. आणि घरात जी एक मला मामी म्हणते, तिला मी हाकही मारत नाही.

मंगळवार, ११ जून

केन्सलीला गाठलं. खाडीवर जाळं शिवत होता. म्हटलं, तू मला बघून रस्ता बदलतोस. दोन महिने बघतेय.

"वहिनी, मी काय सांगू."

"जे आईंना सांगितलंस ते."

जाळं खाली ठेवलं त्याने. सांगितलं. ओबेद आता बराकीत राहत नाही. घर केलंय. बाई तिथलीच, मळ्याच्या ऑफिसातली. मुलगा झालाय, चालायला लागलाय. तिथेच राहायचे कागद करून घेतोय, परत येणार नाही.

"मुलाचं नाव काय ठेवलं?" माझ्या तोंडून हेच निघालं. दुसरं काही सुचलं नाही.

त्याला माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं.

बुधवार, १२ जून

बालवाडी घेतली. रंगांचं गाणं घेतलं. भात शिजवला. सगळं हातांनी केलं.

शुक्रवार, १४ जून

आज बोलले. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "आई, तुम्हाला एप्रिलपासून माहीत होतं."

"होतं."

"मग?"

"मग काय? कोनफळं काढायची होती. तो येणार होता का काढायला?"

मला इतका राग आला, की सूप हिसकावून घेतलं. तांदूळ सगळे मातीत. दहा वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. तुमचा लेक तिकडे पोर खेळवतोय आणि तुम्ही मला माशाचं डोकं वाढता? मी टेकडीवर जाऊन फोन लावत बसायचे, आणि तुम्ही विचारायचात, काय म्हणतोय माझा लेक!

ती खाली बसून तांदूळ वेचायला लागली. एकेक. वेचता वेचता म्हणाली, "सांगितलं असतं, तर तू बोट धरली असतीस." आणि मग, "मुलगे मी तीन जन्माला घातले. माझ्या चुलीपाशी कोण आहे ते बघ."

मीही वेचायला बसले. काय करणार? तांदूळ महाग आहे.

रविवार, ३० जून

मालेकुलाहून माझ्या भावाचा निरोप आला बोटीवरून. तिकडे कळलंय. "परत ये. तुझी खोली आहे." उरिपिवला, आमच्या गावी, बालवाडीही आहे, मुलंही आहेत. खोलीला खिडकी आहे, समुद्राकडे. आठवते.

सासूने निरोप ऐकला. चटई विणत राहिली. पण ओळ चुकली, उसवली, परत चुकली.

सोमवार, १५ जुलै

चोवीसला इथला बालदिन. बालवाडीच्या समितीची बैठक झाली. या वर्षी ठरलं, की सगळ्या गावासमोर प्रत्येक मुलाला नावाने बोलवायचं, त्याने दगड टाकायचा, मग फुलांची माळ घालायची. मिसनेच बोलवायचं. चीफ माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "त्या एकीला जोनस हाक मारेल."

बारकी दाराशी होती. घरी येताना म्हणाली, "जोनसने बोलावलं तर मी येणार नाही. मी ओढ्यावर जाईन."

आणि जाईल ती. आजीचं नाव उगाच नाही मिळालेलं.

शुक्रवार, १९ जुलै

सासू आज स्वतःहून बोलली. आम्ही नारळ खवत होतो.

"तुझ्या मनात काय चाललंय ते मला दिसतं, मालेकुला."

"काही नाही चाललं."

"तू ते नाव सगळ्यांसमोर मुद्दाम घेतलंस, की गावाला कळेल तू माझी सून राहिली नाहीस. मग मी तुला थांबवू शकत नाही. चीफही नाही. शेत नाही, चूल नाही. फक्त बोट." तिने पुढचा नारळ घेतला. "नाही घेतलंस, तर मी मरेपर्यंत माझी सून आहेस. तो तिकडे काही करो."

"आणि बारकी?"

"पोरं मोठी होतात. विसरतात."

म्हटलं, "आई, मी रोज पोरांमध्ये असते. नाही विसरत."

तिने दूध पिळलं. मी बघत होते तिच्याकडे – किती वाळली आहे या दोन महिन्यांत. मी गेले तर हिच्या चुलीला लाकडं कोण आणेल? हे मी का विचारतेय? हिने मला दोन महिने अंधारात ठेवलं. तरी विचारतेय.

सोमवार, २२ जुलै

हजेरी. बारकी मुठीत दगड घेऊन बसलेली. गुळगुळीत झालाय तो आता. तिच्या घामाने झाला असेल. "आणि तू," मी म्हटलं, रोजच्यासारखं. तिने आता मागे वळून बघणंही सोडलंय.

कुडाबाहेर सासू खोकली.

मंगळवार, २३ जुलै

पोरांबरोबर माळा ओवल्या. चाफा, जास्वंद. गाण्याची तालीम झाली. पिशवी भरून ठेवली आहे – कपडे, ही वही, कंदील नाही. बोट गुरुवारी.

सासूच्या चुलीशी पंधरा दिवसांची लाकडं रचली. तिने बघितलं.  जेवताना माशाचं डोकं परत माझ्या पानात. मी ते बारकीला दिलं. सासूने आपल्या पानातलं उचलून पुन्हा मला वाढलं.

बुधवार, २४ जुलै

सगळं गाव आलं होतं. नावं घेतली. जोनस झाला, मारिथा झाली, सगळे झाले. जोनस सवयीने उठला, त्याला म्हटलं बस.

"रोवानू."

"आले!" बारकी म्हणाली. टक.

 चीफनी मान खाली घातली. आणि मागे कुडापाशी काठी टेकत माझी सासू उठली. तिच्या हातात ओढ्यातला एक दगड होता, ओला.

"आले," म्हणाली.